स्टुडिओ आल्मेदा, कुडचडे

पाटीवर आल्मेदा आहे. मी नाही.
तो मुलीकडे लिस्बनला गेला तो गेलाच,
बाबांनी त्याचा कॅमेरा घेतला, दोन दिवे, फिरतं स्टूल,
आणि पाटी रंगवायला पैसे उरले नाहीत.
अजून गिऱ्हाईक दारातून हाक मारतं, "आल्मेदाबाब!"
मी ओ देतो.
दाखल्यावर कृष्णा, घरात कुष्टा, आडनाव वेळीप.
डोंगरातली माणसं आम्ही,
बाजारात उतरलो ती आल्मेदा होऊन.

पांढरा पडदा. मान सरळ.
दोन्ही कान दिसायला हवेत, हसायचं नाही.
सरकारला माणूस एवढाच लागतो.

रोझालिना फुर्तादो आली,
आजोबांचा जन्मदाखला प्लास्टिकात घालून,
छातीशी धरलेला, ताप आलेल्या पोरासारखा.
पोर्तुगालच्या पासपोर्टाला फोटो हवा.
तिथली भाषा येते? विचारलं.
"ओब्रिगाद येतं," म्हणाली. "बाकीचं लंडनला शिकेन."

सोमलीबाई राठोडच्या कांचळीवर आरसे:
फ्लॅश मारला की तिच्या अंगभर दिवे,
आणि चेहरा काळोखात.
तिसऱ्या खेपेला बायकोची शाल दिली पांघरायला.
शाल तिला आवडली. परत मागायला जीभ उचलली नाही.

पोदेराच्या भट्टीवर आता बिश्वजित, ओडिशाचा.
पहाटे भोंगा वाजवत उंडे विकतो,
भुवयांत पीठ तसंच घेऊन येतो.
मी पुसत नाही. फोटोत ते पिकलेले केस वाटतात.

आणि यल्लापूरकडचा बस्त्यांव सिद्दी.
त्याला स्टेशनवर हवालदार विचारतो, कुठला देश?
बस्त्यांव कोंकणीत उत्तर देतो,
माझ्यापेक्षा जुन्या, फणसाच्या चिकासारख्या कोंकणीत.
हवालदार गडबडतो
आणि पुन्हा विचारतो, देश कुठला?
माझा कॅमेराही गडबडतो, खरं सांगतो.
तो आमच्यासारख्या मधल्या रंगांवर बेतलेला,
बस्त्यांवसाठी दिवा दोन हात पुढे ओढावा लागतो.

बाबांच्या काळी बरं होतं असं नाही.
निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून
ते नवऱ्या मुली उजळ करायचे.
भाट, भंडारी, गावडे, किरिस्तांव, मुसलमान,
कुणाचं कुणाशी पटत नव्हतं,
पण "थोडी गोरी करा हं" हे सगळ्यांचं सारखं.
बाबा स्वतः काळे कुळकुळीत. मान डोलवायचे.

मग खाणीची वर्षं.
ट्रकांमागून ट्रक, आणि दारं, भात, पापण्या, सगळं तांबडं.
मागच्या नळावर तोंड धुतल्याशिवाय फोटो नाही,
असा नियम केला होता.
एकच टॉवेल. संध्याकाळपर्यंत तो मातीचा व्हायचा,
आणि त्यावर कुणाचा गाल, कुणाचं कपाळ,
ओळखू यायचं नाही.
खाणी बंद पडल्या. धूळ बसली.
माणसं पुन्हा आपापल्या रंगाची झाली,
आणि "भायले" हा शब्द
दुकानादुकानातून नीट ऐकू येऊ लागला.

मेहरुन्निसा शेख इथल्याच हॉस्पिटलात जन्मली,
तिच्या तोंडावर कुणी "घाटी" म्हटलं
ते माझ्याच बाकावर, पाळीची वाट बघताना.
मी दिवा लावला. एवढंच केलं.

नगरपालिकेतला उमाकांत फळदेसाई आला परवा.
"आठ फोटोंतले दोन तू ठेवतोस ना डब्यात?
गाव सगळा आहे तुझ्याकडे.
भायले किती, अंदाजानं सांग. आकडा हवाय."
बिस्किटाचा डबा काढला, ओतला काउंटरवर.
पंखा चालू होता.
रोझालिना बस्त्यांवच्या कानावर पडली,
भागो झोरेची दाढी कुणा सायबिणीच्या हनुवटीला,
काही चेहरे जमिनीवर, काही फळदेसाईच्या बुटाखाली.
त्याने वाकून एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.
"हा कोण?"
बाबा. पहिला फोटो, आल्मेदाने काढलेला.
"कुठला वाटतो?" मी विचारलं.
तो बराच वेळ बघत राहिला.

पावसाआधी पाटी रंगवून घेणार आहे.
रंगारी मिळालाय, दरभंग्याचा, हात चांगला आहे.
नाव काय लिहायचं, त्याने विचारलं.
मी म्हटलं, आहे तेच.
फक्त आल्मेदाचा "दा" पुसट झालाय,
तेवढा ठळक काढ.